तीन कपॅसिटरांच्या चित्रावर किती विसंबावे?

बडोदे हे विजेच्या यंत्रसामग्रीचे शहर आहे. मकरपुऱ्यापासून मांजुसर-सावलीपर्यंत ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आहेत. 1974 साली स्थापन झालेली ‘इर्डा’ ही विद्युत संशोधन व चाचणी संस्था मकरपुऱ्यात आहे, जुन्या गुजरात विद्युत मंडळाचे मुख्यालय याच शहरात होते आणि राज्याच्या वीज पारेषण कंपनीचा कारभारही येथूनच चालतो. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या कितीतरी मराठी घरांतली माणसे या कामांत गेली आणि पुढची पिढीही जात आहे. म्हणून इतरत्र जो प्रश्न प्रयोगशाळेतला तांत्रिक वाद म्हणून बाजूला ठेवला जाईल, तो बडोद्यात मला सार्वजनिक प्रश्न वाटतो. वायूतल्या विद्युत विसर्जनासाठी, म्हणजे वायू भंगून त्यातून वीज वाहू लागते त्या घटनेसाठी, आपण जे समतुल्य परिपथ (खऱ्या घटनेच्या जागी रोध, कपॅसिटर अशा घटकांची सोपी जुळणी) काढतो, त्यांतून निघालेल्या आकड्यांवर सार्वजनिक पैशाने होणारी खरेदी किती विसंबून असावी, आणि ते आकडे वाचायला आपली अभियांत्रिकी महाविद्यालये विद्यार्थ्यांना शिकवतात का, हा तो प्रश्न आहे.

उच्च दाबाचा, म्हणजे उच्च व्होल्टेजचा, मोठा ट्रान्सफॉर्मर कारखान्यातून बाहेर पडण्याआधी त्याची पार्शल डिस्चार्ज चाचणी होते, म्हणजे विद्युतरोधकाच्या एखाद्याच भागात होणारे, आरपार न जाणारे विसर्जन मोजले जाते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या आयईसी 60076-3 या मानकाच्या 2013 च्या आवृत्तीनुसार नेहमीच्या कार्यदाबाच्या सुमारे 1.58 पट दाब एक तास टिकवून ठेवायचा असतो, दर पाच मिनिटांनी नोंद घ्यायची असते, आणि त्या तासात विसर्जनाचा आकडा 250 पिकोकूलोमच्या (पिकोकूलोम हे विद्युतभाराचे अतिसूक्ष्म एकक) वर जाता कामा नये, शिवाय तो चढत जाण्याचे लक्षणही दिसता कामा नये. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राचा स्वीकार वा अस्वीकार या ओळीवर ठरतो. हा आकडा मात्र आतल्या विसर्जनाला कोणी थेट हात लावून मोजलेला नसतो. तो बाहेरच्या टोकांवर मोजलेला असतो, आणि आत काय घडले याचा अर्थ लावताना आपण जे चित्र डोळ्यांपुढे ठेवतो ते अजूनही बहुतेक वेळा तीन कपॅसिटरांचे (विद्युतभार साठवणाऱ्या घटकांचे) असते, जे गेमांट आणि फिलिपॉफ यांनी 1932 मध्ये मांडले. माझे म्हणणे असे की हे चित्र टाकून देऊ नये, पण ते ज्या अटींवर खरे ठरते त्या अटी आकड्यासोबत लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि सार्वजनिक खरेदीत तशी सक्ती असली पाहिजे.

समतुल्य परिपथाचा मोह का पडतो हे आधी पाहू. वायू हा सामान्यतः विद्युतरोधक असतो. त्यातला एखादा मोकळा इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने पुरेसा वेगवान झाला की तो वायूच्या रेणूवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतो, ते पुढचे सोडवतात, आणि काही नॅनोसेकंदांत अशी लाट तयार होते की रोधक असलेली जागा वाहक होऊन बसते. पाशेन यांनी 1889 मध्ये दाखवले की हा भंग घडवणारे व्होल्टेज वायूचा दाब आणि इलेक्ट्रोडांमधले अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. हवेसाठी त्याचे किमान मूल्य साधारण 330 व्होल्टच्या आसपास येते, आणि वातावरणीय दाबाच्या हवेत एक सेंटिमीटर अंतरासाठी सुमारे 30 किलोव्होल्ट लागतात. त्यानंतरचा सगळा व्यवहार इलेक्ट्रॉन, धन आयन, भिंतीवर साचलेला विद्युतभार, उष्णता आणि प्रकाश यांचा असतो आणि यांतली प्रत्येक गोष्ट वेगळ्या गतीने चालते. विद्युत अभियंत्याला मात्र बहुधा एवढेच हवे असते की या दोन टोकांना व्होल्टेज लावले तर प्रवाह किती वाहील. मग तो त्या गुंतागुंतीच्या जागी एक रोध, एक कपॅसिटर, एखादा स्विच असे घटक ठेवतो आणि बाकीच्या परिपथाबरोबर गणित मांडतो. ही पद्धत शंभरहून अधिक वर्षे उपयोगी पडली आहे. ती चुकीची आहे असे म्हणणारा माणूस बहुधा कधी ब्रेकर किंवा चोक डिझाइन करायला बसलेला नसतो.

पण परिपथ कशाला समतुल्य आहे, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. घरातली जुनी ट्यूबलाइट घ्या. 36 वॅटच्या नळीतून चोकच्या मार्गाने साधारण 0.43 अँपिअर प्रवाह जातो आणि नळीच्या दोन टोकांमध्ये जवळपास 100 व्होल्ट मोजले जातात. भागाकार केला की सुमारे 240 ओहम येतात आणि विद्यार्थी लगेच नळीच्या जागी 240 ओहमचा रोध काढतो. आता प्रवाह हळूहळू अर्धा करा. खरा रोध असता तर व्होल्टेजही अर्धे झाले असते. नळीत ते कमी होण्याऐवजी थोडे वाढते, कारण प्रवाह घटला की आतले आयनीभवनही घटते. चोकशिवाय ही नळी थेट पुरवठ्याला जोडता येत नाही ती याच कारणाने, आणि प्रवाह स्थिर राहण्यासाठी बाहेरचा परिपथ कसा असावा याचा निकष काउफमन यांनी 1900 सालीच देऊन ठेवला होता. ऑसिलोस्कोपवर 50 हर्ट्झला नळीचे व्होल्टेज पाहिले तर ते सायनच्या आकाराचे दिसत नाही. प्रत्येक अर्धआवर्तनाच्या सुरुवातीला एक टोकदार उंचवटा येतो, कारण शून्याजवळ आयन आणि इलेक्ट्रॉन बरेचसे एकत्र येऊन विझलेले असतात, आणि पुढे जवळजवळ सपाट रेषा दिसते. तीच नळी इलेक्ट्रॉनिक चोकवर 40 किलोहर्ट्झने चालवली की अर्धआवर्तन 12.5 मायक्रोसेकंदांचे होते, तेवढ्या वेळात आयनांची घनता बदलायला फुरसतच मिळत नाही, आणि मग नळी खरोखर एखाद्या रोधासारखी वागते. म्हणजे नळी एकच, वायू तोच, पाऱ्याची वाफ तीच, आणि परिपथ तीन. यांतला कोणताही खोटा नाही. प्रत्येकाला आपापली वारंवारता आणि प्रवाहाची मर्यादा आहे, आणि ती लिहिली नाही तर परिपथ वाचणारा फसतो.

सर्किट ब्रेकरमधल्या आर्कची (प्रवाह तोडताना संपर्कांमध्ये पेटणाऱ्या विसर्जनाची) गोष्ट याहून महत्त्वाची आहे, कारण तिथे वाचणाऱ्याची फसगत झाली तर उपकेंद्र जळू शकते. कॅसी यांनी 1939 मध्ये आणि मायर यांनी 1943 मध्ये आर्कच्या वाहकतेसाठी समीकरणे दिली. कॅसीचे समीकरण मोठ्या प्रवाहात चांगले चालते, मायरचे प्रवाह शून्याजवळ येतो तेव्हा. दोन्हींत आर्कचा एक कालांक, म्हणजे त्याची वाहकता बदलायला लागणाऱ्या वेळेचे माप, असतो, आणि मायरच्या समीकरणात थंडावण्याची शक्ती हा आणखी एक स्थिरांक येतो. हे स्थिरांक सिद्धांतातून येत नाहीत, प्रत्यक्ष चाचणीच्या आलेखाला जुळवून काढावे लागतात. एसएफ6 (सल्फर हेक्झाफ्लुओराइड) वायूत आर्कचा कालांक हवेच्या तुलनेत कितीतरी पट लहान असतो, म्हणूनच तो वायू इतका यशस्वी ठरला. आता हा वायू हवामानबदलाच्या दृष्टीने घातक ठरला आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक धरला जातो, आणि युरोपीय संघाच्या 2024 च्या नियमानुसार 24 किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये 1 जानेवारी 2026 पासून असे वायू वापरण्यास बंदी आहे. आपले कारखाने युरोपला माल पाठवतात, तेव्हा ही बंदी आपलीही आहे. कार्बन डायऑक्साइड आणि फ्लुओरोनायट्राइल यांची मिश्रणे किंवा निर्वात ब्रेकर जसजसे पुढे येतील, तसतसे एसएफ6 साठी जुळवलेले स्थिरांक जुन्या फाइलमधून नव्या सिम्युलेशनमध्ये उचलून टाकण्याचा धोका वाढत जाईल. फाइलमध्ये फक्त आकडा असेल आणि तो कोणत्या ब्रेकरवर, कोणत्या वायूत, किती प्रवाहाला काढला हे नसेल, तर तो उचलणाऱ्या तरुण अभियंत्याला दोष कसा द्यायचा?

आता मूळ विषयाकडे, म्हणजे घन विद्युतरोधकातल्या पोकळीकडे वळतो. इपॉक्सी ओतताना एखादा बुडबुडा राहतो, कागद आणि तेलाच्या रचनेत एखादी जागा कोरडी राहते. अशा पोकळीतल्या वायूवर आजूबाजूच्या घन पदार्थापेक्षा अधिक विद्युतक्षेत्र येते आणि वायूची ताकद मात्र कमी असते, त्यामुळे विसर्जन तिथे आधी होते. तीन कपॅसिटरांच्या चित्रात पोकळी म्हणजे ‘सी’, तिच्या वरखाली असलेला घन पदार्थ म्हणजे ‘बी’ आणि उरलेले सगळे यंत्र म्हणजे ‘ए’. पोकळीतला वायू भंगला की ‘सी’ एका स्विचने रिकामा होतो, बाहेरच्या टोकांवर किंचित व्होल्टेज पडते आणि परिपथातून एक सूक्ष्म स्पंद धावतो. तो स्पंद जितका विद्युतभार वाहतो त्याला भासमान भार म्हणतात, आणि आपला पिकोकूलोमचा आकडा तो हाच. याच चित्रानुसार भासमान भार हा पोकळीत खरोखर हललेल्या भाराचा एक लहान अंश असतो. ‘बी’ची धारकता ‘सी’च्या शंभराव्या हिश्शाइतकी धरली तर बाहेर दिसणारा भारही आतल्या भाराच्या जवळपास शंभराव्या हिश्शाइतका असेल. हा अंश किती, हे चाचणी घेणाऱ्याला कधीच ठाऊक नसते, कारण पोकळी कुठे आहे आणि केवढी आहे हे त्याला माहीत नसते.

चाचणीगृहात कॅलिब्रेशन कसे होते ते जवळून पाहिले की हा मुद्दा हाताला लागतो. दाब देण्याआधी बुशिंगच्या (आतली तार रोधकातून टाकीबाहेर आणणाऱ्या भागाच्या) टोकाशी बॅटरीवर चालणारा एक छोटा कॅलिब्रेटर जोडतात. त्यात ठरावीक व्होल्टेजची उडी आणि एक लहान कपॅसिटर असतो. 10 व्होल्ट आणि 10 पिकोफॅरड असतील तर प्रत्येक उडीला 100 पिकोकूलोम आत जातात. पडद्यावर त्या स्पंदाची उंची दिसते, ती 100 वाचेल असे यंत्र जुळवतात, कॅलिब्रेटर काढून घेतात आणि मग दाब चढवतात. या सगळ्या विधीत सिद्ध काय होते? एवढेच, की बुशिंगच्या टोकाशी टाकलेले 100 पिकोकूलोम यंत्र 100 वाचते. वाइंडिंगच्या मध्यावर, टोकापासून कित्येक वेढे दूर झालेले विसर्जन वाटेत पसरत आणि क्षीण होत टोकाशी पोहोचते. ते 100 वाचले गेले तर मुळात 100 होते असे कोणीही म्हणू शकत नाही. चाचणीगृहांत 240 आणि 260 या दोन आकड्यांवरून खरेदीदाराचा प्रतिनिधी आणि कारखान्याचा अभियंता यांच्यात तासन्तास वाद झालेले मी पाहिले आहेत. या दोन आकड्यांतला फरक यंत्राच्या प्रकृतीतल्या कोणत्याही फरकाचा पुरावा नसतो. त्याच वेळी पडद्यावर स्पंद आवर्तनाच्या कोणत्या भागात पडत आहेत, दोन्ही अर्धआवर्तनांत सारखे आहेत की एकाच बाजूला गोळा झाले आहेत, दाब उतरवताना ते किती व्होल्टला थांबले, याकडे कोणी पाहत नाही, कारण निविदेत त्याबद्दल ओळ नसते. उच्च दाबाच्या बाजूला हवेत उघडे असलेले एखादे टोकदार धातूचे टोक ऋण शिखराजवळ स्पंद देऊ लागते आणि मोठे आकडे दाखवते, पण ते पुसून वा झाकून दूर करता येते. आतली पोकळी लहान आकडा दाखवते आणि वर्षानुवर्षे इपॉक्सी कुरतडत राहते. केवळ आकडा पाहणाऱ्याच्या लेखी पहिली घटना दुसरीपेक्षा भयंकर ठरते.

तीन कपॅसिटरांच्या चित्रावर मुळापासून आक्षेपही घेतले गेले आहेत आणि ते मला गंभीर वाटतात. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून दाखवून दिले की पोकळीला कपॅसिटर म्हणणेच सदोष आहे. कपॅसिटरला दोन वाहक पृष्ठे लागतात आणि प्रत्येक पृष्ठावर सर्वत्र एकच विभव असावा लागतो. पोकळीची भिंत विद्युतरोधक असते. विसर्जनानंतर तिच्यावर विद्युतभार डागाडागांनी साचतो आणि तिथेच चिकटून बसतो. त्यांच्या मते बाहेर दिसणारा भार हा पोकळीत ताणल्या गेलेल्या द्विध्रुवामुळे (एकमेकांपासून दूर गेलेल्या धन-ऋण भारांच्या जोडीमुळे) इलेक्ट्रोडांवर प्रेरित झालेला भार आहे, कपॅसिटरच्या रिकामे होण्याने आलेला नव्हे. भौतिकशास्त्राच्या कसोटीवर हा आक्षेप बरोबर आहे असे मला वाटते. मात्र त्यावरून काहीजण जो निष्कर्ष काढतात की परिपथाची भाषाच सोडावी, तो मला मान्य नाही. पोकळीच्या बाहेरचा भाग, म्हणजे मापनाचा कपॅसिटर, संवेदक, बुशिंग, जोडतारा, हे सगळे खरोखर परिपथच आहे आणि तिथे परिपथाचे गणितच चालते. पोकळीच्या आत मात्र चित्राने आपली सत्ता सोडून क्षेत्राच्या गणिताला जागा दिली पाहिजे. 1995 मध्ये नीमायर यांनी अशीच सांगड घातली. पोकळीतले प्रत्येक विसर्जन भौतिक नियमांनी ठरवायचे, साचलेल्या भाराचा हिशेब ठेवायचा, आणि बाहेर काय दिसेल ते वेगळे मोजायचे. हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

तरुण अध्यापकांचा एक वर्ग म्हणतो की आता संगणक इतके स्वस्त झाले आहेत की इलेक्ट्रॉन आणि आयनांची समीकरणे थेट सोडवावीत, परिपथांचे हे जुने सामान कशाला? त्यांचा उत्साह मला आवडतो, पण हिशेब जमत नाही. विसर्जनाची लाट नॅनोसेकंदांत आणि मायक्रोमीटरांत घडते. तासाभराच्या चाचणीत 50 हर्ट्झने धरले तरी 1,80,000 आवर्तने होतात, आणि वाइंडिंगची लांबी मीटरांत असते. शिवाय त्या समीकरणांना लागणारी माहिती, उदाहरणार्थ अनेक वर्षे विसर्जन सोसलेल्या इपॉक्सीच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन किती सहज सुटतो, ही कोणाच्याच तक्त्यात ठामपणे दिलेली नसते. ती अंदाजाने घालावी लागते, आणि अंदाज घातलेले रंगीत चित्र विद्यार्थ्याला परिपथापेक्षा अधिक खरे वाटू लागते. ओझोन यंत्राचे उदाहरण इथे उपयोगी आहे. सीमेन्स यांनी 1857 मध्ये काचेच्या आवरणातून विसर्जन घडवून ओझोन तयार केला, आणि 1943 मध्ये मॅन्ली यांनी व्होल्टेज आणि भार यांची आकृती काढून त्या समांतरभुज चौकोनाच्या क्षेत्रफळावरून यंत्रात खर्च होणारी शक्ती नेमकी काढून दाखवली. काचेसाठी एक कपॅसिटर, वायूच्या फटीसाठी दुसरा, आणि फटीवरचे व्होल्टेज एका मर्यादेवर धरून ठेवणारा घटक, एवढ्यावर हे साधते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे वीजबिल त्यावरून काढता येते. ओझोन किती मिळेल हे मात्र त्यावरून कळत नाही, कारण ते केसाएवढ्या बारीक आणि काही नॅनोसेकंद टिकणाऱ्या तंतूंत वायू किती तापतो यावर ठरते, आणि आकृतीत ते तंतू पुसले गेलेले असतात. जे परिपथाला विचारायचे ते परिपथाला विचारावे, उरलेले अन्य पद्धतीला.

आता माझ्या मागण्या सांगतो. सार्वजनिक कंपन्यांच्या खरेदीत पार्शल डिस्चार्जच्या अहवालासोबत कॅलिब्रेशनची मूळ नोंद, मापनाची वारंवारता-पट्टी, चाचणीगृहातला मूळ गोंगाट, स्पंद आवर्तनाच्या कोणत्या भागात पडले त्याची आकृती, आणि विसर्जन सुरू व बंद होण्याची व्होल्टेजे असावीत, आणि ही नोंद संगणकीय स्वरूपात खरेदीदाराकडे यंत्राच्या आयुष्यभर राहावी. पंधरा वर्षांनी त्याच यंत्रावर पुन्हा चाचणी होईल तेव्हा तुलनेला केवळ ‘180’ हा आकडा हाताशी असणे आणि संपूर्ण आकृती असणे यांत फार मोठे अंतर आहे. कारखानदारांचा आक्षेप असा की यातून त्यांच्या रचनेचे गुपित बाहेर पडेल. विसर्जनाच्या आकृतीवरून वाइंडिंगचा नकाशा काढता येत नाही, आणि ज्याने यंत्राची पूर्ण किंमत मोजली आहे त्याला यंत्राच्या प्रकृतीची नोंद नाकारणे योग्य नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, की खरेदीदाराच्या माणसांना ही आकृती वाचता येणार नाही आणि वाद आणखी वाढतील. हे खरे आहे, आणि त्याचे उत्तर शिक्षणात आहे.

1890 साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने बडोद्यात कलाभवन सुरू झाले तेव्हा हाताने केल्याशिवाय विद्या नाही, ही त्यामागची धारणा होती. आजच्या विद्युत अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात उच्च दाबाच्या विषयाची प्रात्यक्षिके बहुतेक ठिकाणी पडद्यावर उरकली जातात. उच्च दाबाचे चाचणीगृह प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाही हे उघड आहे. पण विसर्जनाचा परिपथ स्वतः मोजून काढायला आणि तो कुठे मोडतो हे पाहायला तेवढे लागतही नाही. टेस्टरमध्ये असतो तसा छोटा निऑन दिवा, एक मोठा रोध, एक कपॅसिटर आणि मर्यादित प्रवाहाचा डीसी पुरवठा एवढे पुरते. 1920 च्या दशकाच्या आरंभी पिअरसन आणि अँसन यांनी दाखवलेला हा झुलता परिपथ आहे. कपॅसिटर भरत जातो, साधारण 90 व्होल्टला दिवा पेटतो, कपॅसिटर झटक्यात रिकामा होतो, साधारण 60 व्होल्टला दिवा विझतो, आणि पुन्हा तेच. विद्यार्थी दिव्याच्या जागी दोन उंबरठ्यांचा एक स्विच काढतो आणि त्याचे गणित मोजमापाशी छान जुळते.

मग दिव्यावर काळा कागद गुंडाळून पुरवठा पुन्हा द्यावा. पेटण्याचे व्होल्टेज वर सरकते आणि दर वेळी वेगळे येते, पहिल्यांदा पेटायला तर कधी लक्षणीय वेळ लागतो. दिव्यात काहीही बदललेले नसते. उजेडामुळे इलेक्ट्रोडमधून जे चार-दोन इलेक्ट्रॉन सुटत होते ते आता सुटत नाहीत, आणि पहिला इलेक्ट्रॉन मिळेपर्यंत लाट सुरूच होऊ शकत नाही. विद्यार्थ्याने काढलेल्या स्विचमध्ये या वाट पाहण्याला जागाच नसते. हे प्रात्यक्षिक मला फार मोलाचे वाटते, कारण ट्रान्सफॉर्मरच्या चाचणीत नेमके हेच घडते. नव्या, बंद, अंधाऱ्या पोकळीत पहिला इलेक्ट्रॉन वैश्विक किंवा नैसर्गिक किरणोत्सारातून अधूनमधूनच येतो. पोकळी फारच लहान असेल तर पुरेसा दाब असूनही ती बराच वेळ मुकी राहू शकते, इतकी की संशोधकांनी अशा पोकळ्यांना बोलते करण्यासाठी चाचणीवेळी क्ष-किरणांचा वापर करून पाहिला आहे. म्हणजे तासाभरात काहीच दिसले नाही याचा अर्थ पोकळी नाही असा होत नाही. निऑन दिव्यावर काळा कागद गुंडाळून पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे एका वाक्यात समजते, आणि पडद्यावर तयार मॉडेलचे बटण दाबलेल्या विद्यार्थ्याला ते दहा पाने वाचूनही पटत नाही.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र शाखेला आणि शहराभोवतीच्या खासगी महाविद्यालयांना एक गोष्ट सहज करता येईल. पारेषण कंपनी आणि चाचणी-संस्था यांच्याकडून जुन्या, वादमुक्त झालेल्या चाचण्यांच्या मूळ नोंदी यंत्राचे आणि कारखान्याचे नाव काढून मागवाव्यात आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्या वाचायला द्याव्यात. कोणत्या नोंदीवरून तीन कपॅसिटरांचे चित्र पुरते आणि कोणत्या नोंदीपुढे ते तोकडे पडते, हे त्यांनी लिहून द्यावे. परीक्षेत समतुल्य परिपथ काढा असा प्रश्न येतो, त्याच्याच पुढे हा परिपथ कोणत्या वारंवारतेपर्यंत आणि कोणत्या प्रवाहापर्यंत चालेल असा उपप्रश्न घातला, तर अभ्यासक्रम बदलण्यासाठी कोणत्याही समितीची वाट पाहावी लागणार नाही.

हे सगळे लगेच व्हायला हवे, कारण ज्या परिस्थितीसाठी 1932 चे चित्र काढले गेले ती परिस्थिती बदलत आहे. ते चित्र एकाच वारंवारतेच्या सायन लाटेसाठी होते. गुजरातमधल्या मुंद्र्याहून हरियाणातल्या महेंद्रगढला ±500 किलोव्होल्टची डीसी वाहिनी 2012 पासून वीज नेत आहे, आणि देशात उच्च दाबाची डीसी यंत्रणा वाढत जाणार आहे. डीसी दाबाखाली पोकळी आणि घन पदार्थ यांच्यातली व्होल्टेजची वाटणी धारकतेने होत नाही, ती रोधाने होते, आणि रोधकाचा रोध तापमानाबरोबर कितीतरी पटींनी बदलतो. तीन कपॅसिटरांच्या शेजारी तीन रोध काढूनही भागत नाही, कारण सकाळी थंड असलेली केबल दुपारी भाराने तापली की ते रोध वेगळेच होतात, आणि पोकळीच्या भिंतीवर साचलेला भार निघून जायला कधी कित्येक तास लागतात. दुसरीकडे इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटारी आणि विजेवरच्या गाड्या आहेत. तिथे वाइंडिंगवर इतक्या तीव्र उड्या येतात की पहिल्या काही वेढ्यांवरच बहुतेक व्होल्टेज पडते, आणि उडीचा स्वतःचा गोंगाट विसर्जनाच्या स्पंदाला झाकून टाकतो, त्यामुळे काहीशे किलोहर्ट्झच्या नेहमीच्या पट्टीत मोजून हाती काही लागत नाही. डीसी केबलच्या किंवा इन्व्हर्टरवरच्या मोटारीच्या निविदेत जुन्या एसी यंत्राचे कलम जसेच्या तसे उतरवलेले दिसले, तर ते कलम कोणत्या परिपथावर उभे आहे, हा प्रश्न खरेदी समितीतल्या अभियंत्याने बैठकीतच विचारावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.